पाहुण्या पियानोवादकासाठी वाद्य तयार ठेवताना

समकालीन अभिजात संगीताच्या महोत्सवाला पाहुणा कलाकार बोलावताना निमंत्रणासोबतच तांत्रिक गरजांची यादी मागवा. पहिला प्रश्न स्वराचा. अनेक व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य) A हा स्वर ४४२ हर्ट्झला धरून बनवलेले असतात आणि त्यांच्या पट्ट्या मंचावर जुळवता येत नाहीत. म्हणून सोबतचा पियानोच ४४२ला लावून घ्या. ४४०वर ठेवला तर एकत्र वाजताना स्वर खटकतात.

तारांत स्क्रू, रबर अडकवायची रचना असेल, तर खरी काळजी तिथे. आधी पियानो जुळवून घ्या. मग उजवं पेडल दाबून धरा, म्हणजे डँपर (तारांचा आवाज थांबवणाऱ्या गाद्या) उचललेले राहतात. दोन तारा पातळ लाकडी पट्टीने हलकेच फाकवून स्क्रू सरकवा. जोर लावून पिळलात तर तार खरवडते. तांब्याची गुंडाळी असलेल्या खर्जाच्या तारांत फक्त रबर किंवा फेल्ट घाला. उघड्या बोटांनी तारा धरू नका, घामाने गंज चढतो. कोणती तार कुठली हे ओळखायला डँपरवर खुणा करायच्या तर त्या खडूच्याच हव्यात. चिकटपट्टीचा गोंद मागे राहतो.

मोठी तयारी मध्यंतराच्या २० मिनिटांत होत नाही. दुसरा पियानो मिळवणं उत्तम. नसेलच, तर ती रचना पहिली ठेवा, मध्यंतरात सामान काढा आणि जुळवणाऱ्याकडून सूर पुन्हा तपासून घ्या.