डायपरातलं मूल घेऊन क्रूझला निघताय? मग हे आधी विचारा

घरात तीन वर्षांखालचं मूल असेल आणि क्रूझचं ठरत असेल, तर एजंटला पैसे पाठवायच्या आधी त्याला एवढंच विचारा: डायपर लावणाऱ्या मुलाला या जहाजावर पाण्यात उतरू देतात का आणि मुलांच्या क्लबात घेतात का? खोली, जेवण, बंदरं हे सगळं त्याच्यानंतर. आम्ही सगळं विचारलं आणि हेच विचारलं नाही.

आम्ही चाळीसगावचे. मोठं पाणी म्हणजे गिरणा धरण, तेवढीच ओळख. दोन वर्षांपूर्वी सासू-सासरे, आम्ही दोघं, सहा वर्षांचा मुलगा आणि पावणेतीन वर्षांची मुलगी असे सहा जण सिंगापूरहून सुटणाऱ्या एका जहाजावर चार रात्रींसाठी गेलो. मुलीला नवा पोहायचा ड्रेस घेतला होता, पाण्यात घालायचं वेगळं डायपरही मुंबईहून मागवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जहाजावरच्या पोहायच्या तलावाच्या काठावर आम्हाला थांबवलं आणि पाटी दाखवली: डायपरातल्या मुलांना बंदी, पाण्यातलं खास डायपर असलं तरी बंदी. दादा आत उड्या मारतोय आणि ही काठावर. तिथून क्लबात गेलो, तर तिथे ३ वर्षं पूर्ण हवीत आणि डायपर सुटलेलं हवं. दादा आत गेला, दार बंद झालं, ही दारावर हात आपटत राहिली. सासूबाई पारोळ्याच्या, घरात अहिराणीच बोलतात. त्या धावत आल्या, "माय, पोर काब्र रडी राहिनी?" काय सांगणार होते मी? पुढचे दिवस आम्ही चौघांनी पाळ्या लावून तिला खोलीत आणि व्हरांड्यात सांभाळलं.

आता दिवाळीच्या सुट्टीत भाऊ-वहिनी त्यांच्या दोन लहानग्यांना घेऊन निघणार आहेत. त्यांच्यासाठी लिहायला बसले, म्हटलं सगळ्यांनाच उपयोगी पडेल.

सुरुवात मुलाच्या वयापासून करा. वय जहाज सुटण्याच्या दिवशी मोजतात. "लवकरच तीनची होते" हे तिथे कोणी ऐकत नाही, आमचं ऐकलं नाही. बहुतेक जहाजांवर ६ महिन्यांखालच्या बाळाला चढूच देत नाहीत, आणि ज्या सफरीत ओळीनं तीन किंवा जास्त दिवस नुसता समुद्रच असतो तिथे बाळ वर्षाचं लागतं. कोणी पोटुशी असेल तर सफर संपेपर्यंत २४ वा आठवडा लागायला नको. बहुतेक कंपन्या त्यापुढे नेत नाहीत आणि डॉक्टरांचं पत्रही मागतात. काही जहाजं तर फक्त मोठ्यांसाठी असतात. व्हर्जिन व्हॉयेजेसच्या जहाजांवर १८ वर्षांखालचं कोणीच चालत नाही. स्वस्त दिसलं म्हणून भलतंच बुक करू नका.

मग पाणी. यावर मी जास्त बोलणार आहे. जहाजाच्या जाहिरातीत घसरगुंड्या दिसतात, रंगीत कारंजी दिसतात, आपल्याला वाटतं पोरं दिवसभर त्यातच रमतील. मोठ्या घसरगुंडीला उंचीची अट असते, ४२ किंवा ४८ इंच अशी. दोन-अडीच वर्षांचं मूल जेमतेम तीन फुटांचं, म्हणजे ती घसरगुंडी त्याच्या कामाची नाही. उरला तलाव, तिथे डायपरची अट. ही अट कोणी लहरीनं घातलेली नाही. पाण्यातलं डायपर शी थोडी अडवून धरतं, जंतू अडवत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाब लावणारा जंतू नेहमीच्या क्लोरीनच्या पाण्यातसुद्धा आठवड्याहून जास्त जगतो. जहाजाचा तलाव केवढासा, आणि त्यात शेकडो माणसं उतरणार. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा जहाजांसाठी नियमच आहे की डायपरातल्या मुलानं फक्त त्याच्यासाठी मुद्दाम बांधलेल्या आणि मंजूर केलेल्या पाण्यातच उतरायचं. मोठ्या कंपन्या इकडच्या जहाजांवरही तेच पाळतात. नियम बरोबर आहे, भांडू नका. पण असं मंजूर बाळ-पाणी तुमच्या जहाजावर आहे की नाही हे आधी विचारा. रॉयल कॅरिबियनच्या काही मोठ्या जहाजांवर ते आहे, त्याच कंपनीच्या सगळ्या जहाजांवर नाही. म्हणून कंपनीचं नाव सांगून विचारू नका, जहाजाचं नाव सांगून विचारा. एजंट "हो हो, किड्स पूल आहे" म्हणेल. आम्हालाही तेच सांगितलं होतं, आणि किड्स पूल होताही. किड्स पूल म्हणजे डायपरवाल्यांचा पूल नव्हे. "डायपरातलं मूल चालतं का?" असा शब्द न शब्द विचारा आणि उत्तर लेखी मागा, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना.

क्लबाचंही तेच. बहुतेक ठिकाणी मुलांचा क्लब ३ वर्षांपासून आणि शी-शू स्वतः सांगणाऱ्या मुलालाच. ओढून चढवायची चड्डीवजा डायपरंही चालत नाहीत, कारण तिथे सांभाळणाऱ्या मुली पोरांचे कपडे बदलत नाहीत. अपवाद आहेत. कार्निव्हलच्या जहाजांवर २ वर्षांपासून घेतात आणि डायपरचीही अडचण नसते. डिस्नेच्या जहाजांवर ६ महिने ते ३ वर्षांच्या बाळांसाठी वेगळं पाळणाघर आहे, रॉयल कॅरिबियनच्या काही जहाजांवरही आहे. त्याचे तासावर पैसे पडतात आणि जागा मोजक्याच असतात, म्हणून बुकिंग उघडल्याबरोबर तास राखून ठेवा. नॉर्वेजियन या कंपनीकडे तीन वर्षांखालच्यांसाठी खेळघर आहे, पण आईबापांपैकी एकानं सोबत बसायचं. हे सगळं कंपन्या बदलत असतात, तेव्हा तुमच्या तारखेचं तुम्ही विचारा. मूल अडीच-पावणेतीनचं असेल आणि डायपर सुटायच्या बेतात असेल, तर सफर सहा महिने पुढे ढकला. खरंच ढकला. आमच्या मुलीचं डायपर परत आल्यावर तीन महिन्यांत सुटलं. ती सफर सहा महिन्यांनी केली असती तर दोन्ही दारं तिला उघडी होती.

डायपरचा साठा घरूनच न्या, जहाजावरच्या दुकानावर विसंबू नका. दिवसाला जितके लागतात त्याच्या दीडपट.

खोली. बाल्कनीचा हट्ट धरू नका. कठडा उंच असतो, पण मूल खुर्ची ओढून नेतं. घ्यायचीच असेल तर दाराची कडी वर, मुलाचा हात पोहोचणार नाही अशी आहे का ते विचारा आणि पहिल्या दिवशीच खुर्च्या खोलीत आणून ठेवा. मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली कमी हलते. तिसरा-चौथा पलंग भिंतीतून किंवा छतातून उतरणारा असतो, लहान मूल वर झोपवायचं नाही. पाळणा फुकट मिळतो, पण बुकिंग करतानाच सांगावा लागतो; ऐनवेळी संपलेला असतो. खोलीत टब बहुधा नसतो, नुसता शॉवर. बाळाला आंघोळ घालायला फुगवायचा छोटा टब न्या. बाबागाडी घडीची, अरुंद. मोठी गाडी खोलीच्या दारातून जात नाही आणि बाहेर बोळात ठेवू देत नाहीत. आजी-आजोबा सोबत असतील तर मधे दार असलेल्या दोन खोल्या मागा. आमच्या खोल्या दोन वेगळ्या मजल्यांवर आल्या आणि रात्री मूल उठलं की सासूबाई पायजम्यातल्या नातवाला घेऊन लिफ्टसमोर उभ्या.

समुद्र कुठला, हेही बघा. मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून गोव्याकडे आणि लक्षद्वीपकडे जहाजं सुटतात. आपल्या बाजूनं ते सोयीचं आहे: रात्रीच्या गाडीत बसा, सकाळी सीएसएमटीला उतरा, तिथून टॅक्सीनं थोडक्यात पोहोचता. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला, तेव्हाचा विचारच नको. लक्षद्वीपला जहाज खोल पाण्यात थांबतं आणि लहान होडीनं बेटावर नेतात. हलत्या होडीत कडेवर मूल घेऊन उतरायचं, बाबागाडी विसरा. सिंगापूरहून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारा रस्ता बराच शांत असतो. पण कुठूनही जा, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तीन-चार रात्रींहून जास्त घेऊ नका, आणि त्यात एखादं तरी बंदर हवं. दोन वर्षांच्या मुलाला जमिनीवर पळायला लागतं.

उलटीच्या औषधाचं बालरोगतज्ज्ञांना विचारूनच. एसटीत बसताना मोठी माणसं घेतात ती अ‍ॅव्होमिन म्हणजे प्रोमेथाझिन, आणि प्रोमेथाझिन २ वर्षांखालच्या मुलाला देत नाहीत. अर्धी करून द्या, पाव करून द्या, असलं काही करू नका. तापाचं औषध, ओआरएस, तापमापक हे हातातल्या पिशवीत. जहाजावर डॉक्टर असतो, पण बिल डॉलरमधे येतं, म्हणून प्रवासाचा विमा मुलाचाही काढा. आणि जेवणाआधी हात साबणानं धुवायचे. जहाजावर उलट्या-जुलाब लावणारा नोरोव्हायरस पसरतो तो नुसत्या सॅनिटायझरनं नीट मरत नाही.

जेवण. बुकिंग करतानाच शाकाहारी, जैन, जे असेल ते लिहून द्या. आशियातल्या जहाजांवर वरण-भात, पोळी मिळते, मात्र तिखट-मसाला त्यांच्या अंदाजानं; मुलासाठी साधा दहीभात किंवा मऊ खिचडी मागितली की बहुधा करून देतात, एक दिवस आधी सांगायचं. संध्याकाळच्या जेवणाच्या दोन वेळा असतील तर पहिली घ्या. दुसऱ्या वेळेपर्यंत मूल टेबलावर डोकं टेकून झोपतं. घरच्या दशम्या आणि चटणी विमानतळापर्यंत खाऊन संपवा. बहुतेक जहाजांवर घरचं शिजवलेलं नेऊ देत नाहीत, बंद डब्यातलं बाळाचं अन्न आणि दुधाची पावडर चालते. विजेची किटली नेऊ नका. आग लागण्याच्या भीतीनं किटली, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड सगळं काढून घेतात. दूध-पाण्यासाठी रिकामा थर्मास न्या, गरम पाणी खानावळीतून भरून मिळतं.

कागद. देशातल्या देशात मुलाचं आधार आणि जन्मदाखला. बाहेर जायचं तर मुलाचा स्वतंत्र पासपोर्ट, परतीनंतर सहा महिने तरी चालणारा. लहान मुलाचा पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो, मोठ्यांच्या हिशोबात राहू नका. सिंगापूरहून निघून मलेशियात जाऊन परत येता, म्हणजे सिंगापूरमधे दोनदा शिरता. व्हिसा एकाहून जास्त प्रवेशाचा आहे ना बघा. आई किंवा बाप एकटेच मूल घेऊन जात असतील तर दुसऱ्याचं संमतीपत्र. भाड्याच्या आकड्यात बंदराचा कर आणि रोजचा सेवाखर्च आहे का, बाळाचाही लागतो का, तेही विचारून घ्या.

विमानानं जाणार असाल तर एक दिवस आधी पोहोचा. मनमाडच्या पुढे गाडी अडकली आणि विमान चुकलं तर जहाज थांबत नाही.

चढल्यावर: सामान खोलीत यायला संध्याकाळ होते, तोवरचे डायपर, कपडे, दूध जवळच्या पिशवीत ठेवा. सगळ्यात आधी क्लबात जाऊन नाव नोंदवा. मग सुरक्षेची कवायत, ती सगळ्यांना सक्तीची. तिथे मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट हातात मागून घ्या. १५ किलोखालच्या बाळाचं जॅकेट वेगळं असतं, तेच मागा, मोठ्या मुलाचं चालत नाही. मुलाच्या हाताला खोलीचा नंबर नसलेला, आपला मोबाइल नंबर असलेला पट्टा बांधा.

टोपी, सनस्क्रीन, एक स्वेटर, कारण आत एसी फार गार असतो. खेळणी दोन, बस. फोनवर गोष्टी आधीच उतरवून घ्या, वायफाय महाग.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या थेट बंदरावर मिळतात. सकाळचे कपडे, पासपोर्ट, दूध बाहेर काढून ठेवा. आणि दोन डायपर.