बोलता येतंय तोवर: तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनची तयारी

गालाचं किंवा जिभेचं ऑपरेशन ठरलं की घरात पहिला विषय पैशांचा निघतो आणि दुसरा मुंबईत उतरायचं कुणाकडे याचा. या धांदलीत एक गोष्ट मागे पडते. ऑपरेशननंतर काही दिवस पेशंटला बोलता येत नाही आणि सहसा दोनेक आठवडे तोंडाने घास जात नाही. म्हणून पुढची बरीचशी कामं पेशंट स्वतः बोलतोय, चावतोय, सही करतोय तोवर उरकायची.

सुरुवात मिश्रीपासून. आपल्याकडे बायका मिश्रीला तंबाखूत धरतच नाहीत, डॉक्टरांनी "तंबाखू खाता का?" विचारलं की "छे, नाही हो" म्हणून मोकळ्या होतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ऑपरेशनमध्ये गाठ काढलेल्या जागी हाताची, मांडीची किंवा छातीची कातडी-मांस आणून लावतात, त्याला फ्लॅप म्हणतात. तो जगतो दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिनीवर आणि निकोटिन नेमकी तीच आवळतं. तेव्हा डबी आजच चुलीत, आणि डॉक्टरांना खरं काय ते सांगायचं. पेल्याभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरायच्या. हलणारे, किडलेले दात ऑपरेशनआधी दंतवैद्याला दाखवून घ्यावेत. पुढे रेडिएशन लागलं, तर शेक बसलेल्या जबड्यातून दात काढल्यावर ती जखम भरता भरत नाही.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त घोळ नावाचा. रेशनकार्डावर घरातलं नाव, आधारवर शाळेतलं, बँकेत माहेरचं, असं असेल तर तालुक्याच्या ठिकाणी जाऊन आधी दुरुस्त करून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची (सरकारची मोफत उपचारांची योजना) मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते. रोख खर्च करून मागाहून परत मिळेल या भरवशावर राहू नये. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं टेबल असतं, पहिल्याच दिवशी तिथे जायचं. बायोप्सीचा नुसता रिपोर्ट पुरत नाही. स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (त्यात बायोप्सीचा तुकडा असतो) लॅबमधून मागून घ्या, कारण मोठं रुग्णालय ते स्वतः पुन्हा तपासतं. सीटी-एमआरआयच्या फिल्म पावसाळ्याच्या दमट हवेत एकमेकींना चिकटतात. मध्ये कोरा कागद घालून प्लास्टिकमध्ये ठेवा. बँकेतली सही, मोबाइलचा पिन, शेताचे कुठले कागद कुठे आहेत, हेही आत्ताच विचारून ठेवायचं. विचारायला अवघड वाटतं, पण नंतर पाटीवर लिहून विचारणं त्याहून अवघड.

ऑपरेशन कुठे करायचं, परळच्या टाटात, डेरवणच्या रुग्णालयात की गोव्यात बांबोळीला, हे एकट्या ऑपरेशनवर ठरवू नये. काढलेल्या भागाचा रिपोर्ट यायला साधारण दहा-पंधरा दिवस जातात. रेडिएशन लागणार असेल तर ते ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं आणि आठवड्यातून ५ दिवस असं साधारण ६ आठवडे चालतं. म्हणजे सगळं मिळून तीन महिन्यांचा मुक्काम धरा. "लावणी आटपून येतो" किंवा "गणपती झाले की बघू" म्हणून परत जाणारे नेमके इथे चुकतात. चाकरमानी भाच्याच्या एका खोलीत तीन महिने राहणं कुणालाच जमत नाही. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांच्याकडे आधीच चौकशी करावी. रुग्णालयाने सहीशिक्क्याचा रेल्वे सवलतीचा फॉर्म दिला की स्लीपर आणि थ्री टायर एसीत पेशंटला पूर्ण आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट मिळते. तुतारी एक्सप्रेस दादरलाच संपते, परळला ते सोयीचं. फक्त गणपतीच्या आगेमागे सवलत हातात असूनही जागा नसते.

औषधांची नावं तोंडपाठ नकोत, रिकाम्या पाकिटांसकट सगळ्या गोळ्या डब्यात घालून न्या. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंदही करू नये आणि चालूही ठेवू नये, भूलतज्ज्ञाला विचारावं. मधुमेहाच्या ज्या गोळ्यांचं नाव 'फ्लोझिन'ने संपतं त्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात, त्यामुळे त्या तर दाखवायच्याच. गावठी औषध चालू असेल तर तेही लाजू नका, सांगा.

पिशवीत समोरून पूर्ण उघडणारे सैल कपडे हवेत. डोक्यातून घालायचं काहीही गळ्याच्या टाक्यांवरून ओढलं जातं. शाळेची पाटी-पेन्सिल घ्या. गळ्यात श्वासाची नळी असली की आवाज फुटत नाही, आणि मोबाइलवर टाइप करण्यापेक्षा पाटी भराभर चालते. लिहिता न येणाऱ्या आजीसाठी पुठ्ठ्यावर चित्रं काढा: दुखतंय, कफ साचलाय, तहान, लघवी, कूस बदला. घरीच एकदा रंगीत तालीम करा. फ्लॅप मनगटाजवळून घेणार असतील तर तो सहसा डाव्या हाताचा असतो. त्या हाताला सलाईनची सुई लावू देऊ नका, प्रत्येक पाळीच्या सिस्टरला आठवण करा. दाढी घरी करू नये, ब्लेडचे ओरखडे जंतूंना वाट देतात. मंगळसूत्र, जोडवी, चमकी, बांगड्या घरीच उतरवून ठेवा. ऐन वेळी सुजलेल्या हातातली बांगडी कापावी लागते. नखांचा रंग पुसा. उपाशी राहणं म्हणजे घन अन्न किमान ६ तास बंद आणि साधं पाणी २ तास आधीपर्यंत, पण तुमच्या वॉर्डने सांगितलेली वेळ शेवटची. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही. पहाटे घोटभर चहा दिला म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं जातं.

ऑपरेशननंतरचे पहिले दोन-तीन दिवस सिस्टर तासा-तासाला फ्लॅप बघतात: पांढरा पडला तर रक्त पोचत नाही, निळसर-जांभळा झाला तर परत फिरत नाही. कुणी येऊन श्वासाच्या नळीची गळ्यावरची फीत "सैल वाटते" म्हणून आवळली तर तीच रक्तवाहिनी दबते, म्हणून फितीला नातेवाइकांनी हात लावू नये. घरी जो सांभाळणार आहे, त्यानेच वॉर्डात राहावं. मुंबईचा मुलगा शिकला आणि गावी सून सांभाळणार, याचा उपयोग शून्य. सिस्टरांसमोर नाकातल्या नळीतून अन्न निदान तीनदा स्वतःच्या हाताने दिल्याशिवाय डिस्चार्ज मागू नका.

आता नाकातली नळी. नाकपुडीपाशी नळीवर मार्करची खूण असते, दर वेळी आधी ती बघायची. सरकलेली दिसली तर काही घालायचं नाही. पेशंटला ताठ बसवा. ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढा, नळी चिमटीत दाबून सिरिंज लावा, ३० ते ५० मिली पाणी सोडा, मग अन्न. सिरिंज नाकाच्या वर वीतभर धरायची आणि अन्न आपल्या वजनाने उतरू द्यायचं, दट्ट्याने ढकलायचं नाही. २०० ते २५० मिलीला पंधरा-वीस मिनिटं लागतात. शेवटी पुन्हा पाणी, टोपण, आणि निदान अर्धा तास तसंच बसणं. मध्येच खोकला आला तर तिथेच थांबा. दिवसातून आठ-नऊ वेळा असं करायचं, आणि आहारतज्ज्ञाने वेगळा तक्ता दिला असेल तर तोच पाळायचा.

आजारी माणसाला पेज हे आपल्या हाडात आहे, पण पेजेत जखम भरायला लागणारी प्रथिनं जेमतेम. दूध, मुगाचं कढण, उकडून मिक्सरमधून काढलेलं अंडं, वर चमचाभर तेल किंवा तूप, असा फेर ठेवा. नाचणीचं सत्त्व उत्तम, पण ते निवलं की घट्ट होतं. चमच्यावरून ताकासारखी धार पडायला हवी, खिरीसारखा गोळा सरकला तर नळीत अडकणारच. सगळं मलमलीतून दोनदा गाळा. दुधामागोमाग सोलकढी किंवा कोकमाचं पाणी नको, आमसुलाच्या आंबटाने दूध नळीतच फाटतं आणि चोथा बसतो. गोळ्या पूड करून पाण्यात द्यायच्या. हळूहळू विरघळणारी गोळी कुटू नये, तिच्याऐवजी पातळ औषध लिहून मागावं. पावसात दोन-दोन दिवस वीज जाते, तेव्हा फ्रिजच्या भरवशावर दिवसाचं सगळं एकदम करून ठेवू नका. दमट हवेत तीन-चार तासांत आंबतं. नळी तुंबलीच तर कोमट पाण्याने मोठ्याच सिरिंजने हलके मागे-पुढे करा. छोट्या सिरिंजचा दाब जास्त असतो, नळी फाटते. नळी बाहेर आली तर घरी परत घालू नका, आतले टाके उसवतात.

गळ्याच्या बाजूचा ड्रेनचा फुगा (जखमेत साचलेलं पाणी-रक्त ओढून घेणारा) कायम चेपलेला हवा, फुगून बसला की ओढ थांबते. रोज एकाच वेळी मोजून वहीत लिहा. २४ तासांत २५-३० मिलीच्या खाली आलं की सहसा काढतात. दुधासारखं पांढरं आलं, गळा एकदम फुगला किंवा ताजं लाल रक्त आलं, तर फोनवर सल्ला विचारत बसू नका. रक्ताच्या जागी स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि १०८ बोलवा. वाडीत गाडी येते का, रात्री कोण चालवणार, घाट बंद असला तर दुसरा रस्ता कुठला, हे निघण्याआधी लिहून भिंतीला लावा. गळ्यातल्या नळीसह घरी यावं लागलं तर कफ ओढणाऱ्या सक्शन मशीनला इन्व्हर्टर किंवा पायाने चालणारं मशीन लागतं, आणि चुलीच्या धुरापासून लांबची खोली. उपकेंद्राच्या सिस्टरना आणि आशाताईंना डिस्चार्ज कार्ड दाखवून ठेवा, ड्रेसिंगला त्यांचा आधार होतो.

मानेच्या गाठी काढल्या असतील तर खांदा जड पडतो. फिजिओथेरपिस्टने दाखवलेले व्यायाम करा, आढ्याला दोरी टाकून हात वर ओढण्याचा व्यायाम पडवीतही होतो. तोंड उघडण्याचा सराव सर्जनने हो म्हटल्यावरच. निघण्याआधी उघडलेल्या तोंडात किती बोटं मावत होती ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मग आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि दर दोन-चार दिवसांनी एक काडी वाढवायची. रेडिएशन चालू असतानाही हे सोडायचं नाही, कारण जबडा त्याच दिवसांत आखडतो.