हातगाडीसाठी कर्ज काढायचंय? आधी महापालिकेचा कागद हातात घ्या

बऱ्याच जणांना वाटतं की महापालिका छोट्या धंदेवाल्यांना पैसे वाटते आणि आपल्यालाच कोणी सांगत नाही. तसं नसतं हो. जकात गेली, मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला, आता पालिकेचा गाडा बराचसा मिळकतकर आणि जीएसटीच्या बदल्यात सरकारकडून येणाऱ्या पैशावर चालतो, आणि त्यातून धंद्यासाठी जे काही निघतं ते जास्त करून मंडया, ओटे असल्या कामांतच जातं. रोख भांडवल बँकच देणार. पण बँकेत जायला जो कागद लागतो तो पालिकेचाच, म्हणून सुरुवात तिथून करा.

हे कर्ज मिळतं ती योजना म्हणजे पीएम स्वनिधी, फेरीवाल्यांना बँकेतून कर्ज देणारी केंद्र सरकारची योजना. २०२० ला सुरू झाली तेव्हा पहिलं कर्ज १० हजार होतं, २०२५ मध्ये ते १५ हजार केलं, ते फेडलं की २५ आणि मग ५० हजार, आणि योजनेतून कर्ज द्यायची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. तारण काही नाही, कोणी मागितलं तर सरळ सांगा की या योजनेत तारण नसतं.

पालिकेच्या फेरीवाल्यांच्या सर्व्हेत नाव असेल तर विक्रीचं प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र शोधून काढा. नाव नसेल तर पालिकेकडे शिफारसपत्र मागायचं, त्यासाठी आपण तिथे खरंच धंदा करतो हे दाखवावं लागतं, म्हणून संघटनेचं सभासद कार्ड, जुन्या पावत्या, जे असेल ते एका फाईलीत घालून न्या. अतिक्रमणवाल्यांनी फाडलेली दंडाची पावतीसुद्धा फेकू नका, तोही पुरावाच आहे की! (गंमत आहे, पण खरंय.)

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो मोबाईल नंबरचा. आधारला जुना, बंद पडलेला नंबर असतो, ओटीपी तिकडे जातो आणि अर्ज तिथेच लटकतो. आधी आधार केंद्रात नंबर बदलून घ्या, मगच फॉर्म भरा. फॉर्म योजनेच्या पोर्टलवर स्वतः भरता येतो, नाहीतर सीएससी म्हणजे सरकारी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या सेंटरमध्ये.

हप्ता वेळेवर गेला तर ७ टक्के व्याज अनुदान म्हणून खात्यात परत येतं, आणि क्यूआरवर पैसे घेतले तर थोडा कॅशबॅकही मिळतो, म्हणून काट्याशेजारी क्यूआर लावूनच टाका. कर्ज संपलं की बँकेकडून नो ड्यूज म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला घ्या, पासबुकात अनुदान जमा झालंय का ते बघा आणि मगच पुढच्या कर्जाचा अर्ज टाका.