लहान मुलांच्या बॅटरी बाईकची चावी हरवली तर काय करायचं

ही माहिती त्या सीटखाली ६ किंवा १२ व्होल्टची बॅटरी असलेल्या, लहान मुलं अंगणात नाहीतर पार्किंगमध्ये चालवतात त्या बाईकसाठी आहे. चावी हरवली म्हणून बाईक गॅलरीत धूळ खात ठेवू नका किंवा भंगारात देऊ नका, कारण त्यातलं लॉक म्हणजे साधा चालू-बंद करायचा स्विच असतो, त्यात चिप नाही की काही नाही, आणि तो बदलणं घरच्या घरी जमण्यासारखं काम आहे.

आधी दुसरी चावी शोधा. नवीन बाईकसोबत बहुतेक वेळा दोन चाव्या येतात, एक लॉकला लटकवलेली आणि दुसरी चार्जरच्या पिशवीत, माहितीपत्रकात गुंडाळून किंवा स्क्रूच्या पाकिटात, आणि ते पाकीट आपण न उघडताच कपाटात टाकलेलं असतं. ती नाही मिळाली तर सोसायटीत कोणाकडे तसलीच बाईक असेल तर त्यांची चावी लावून बघा. स्वस्तातल्या बाईकना बऱ्याचदा एकाच नमुन्याची लॉक बसवलेली असतात त्यामुळे दुसऱ्याची चावी चक्क लागते, आणि लागली की चावीवाल्याकडून तिची डुप्लिकेट करून घ्या, विषय संपला. चावी चपटी असेल तर चावीवाला नुसत्या लॉकवरूनही बनवून देऊ शकतो पण त्याला आधी पैसे विचारा, कारण नवीन स्विच दोन चाव्यांसकट मिळतो आणि बरेचदा तोच परवडतो. गोल नळीसारखी चावी असेल तर सरळ स्विचच बदला.

आता स्विच बदलायचा कसा ते. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा, सीट उघडा आणि सगळ्यात आधी बॅटरीची एक वायर काढा. ६ किंवा १२ व्होल्टने शॉक बसत नाही हे खरं, पण दोन टोकं चुकून एकमेकांना किंवा अंगठीला टेकली तर वायर आणि धातू क्षणात तापतो आणि चांगलंच भाजतं, म्हणून हे टाळू नका. मग हँडलजवळचं किंवा टाकीचं प्लॅस्टिकचं कव्हर फुलीवाल्या स्क्रू ड्रायव्हरने काढा आणि स्विचच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा. मागून एक गोल नट असतो तो पकडीने हळू फिरवला की स्विच पुढून बाहेर येतो, जोर लावू नका, प्लॅस्टिक तडकतं.

वायरी मोजा, हे महत्त्वाचं आहे. दोन असतील तर सोपं, कुठलीही कुठेही लावली तरी चालतं. तीन किंवा चार असतील, म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिनचा आवाज वगैरे येत असेल, तर तेवढ्याच पिनांचा (मागे वायर जोडायच्या पत्त्यांचा) स्विच लागेल आणि वायरी फोटोत बघूनच लावायच्या. भोकाचा व्यास पट्टीने मोजून घ्या आणि शक्यतो जुना स्विच हातात घेऊनच दुकानात जा. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा, नाहीतर ऑनलाइन, पण ऑनलाइन घेताना नुसत्या फोटोवर जाऊ नका, माप, पिना आणि किती अँपिअरचा आहे, म्हणजे किती करंट झेपतो, ते वाचा. काही बाईकमध्ये मोटरचा सगळा करंट ह्याच स्विचमधून जातो, जुन्यापेक्षा कमी अँपिअरचा लावलात तर तो तापून जळेल.

नवीन स्विच बसवा, थिंबल (वायरीच्या टोकाला असलेली, पिनेवर बसणारी धातूची टोपी) घट्ट दाबा, उघडी तार दिसत असेल तिथे टेप गुंडाळा, मग बॅटरी जोडा. मागचं चाक जमिनीपासून उचलून धरा आणि मगच चावी फिरवून बघा, ॲक्सिलरेटर कुठे अडकला असेल तर बाईक सुसाट निघायची. चालूच झाली नाही तर लगेच स्विचला दोष देऊ नका. चावी हरवल्यापासून बाईक बरेच दिवस पडून असेल तर बॅटरी उतरलेली असणार, आधी पूर्ण चार्ज करा, चार्जिंगला बहुतेक बाईकमध्ये चावी लागत नाही. ह्या लेड-ॲसिड बॅटऱ्या उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्या की खराबच होतात, म्हणून चावी मिळेपर्यंतही अधूनमधून चार्ज करत जा.

काहीजण सांगतील की स्विचच्या दोन वायरी एकत्र पिळून टाका, बाईक चालू होते. होते, आणि स्विचला दोनच वायरी असतील तर स्विच खराब आहे का हे तपासायला दोन मिनिटं करून बघायला हरकत नाही, पण तशीच कायम ठेवू नका हो. मूल तीन-चार वर्षांचं असतं, त्याच्याकडून ॲक्सिलरेटर नुसता दाबला गेला तरी बाईक निघते, समोर जिना असेल, उतार असेल, गेटबाहेर रस्ता असेल. चावी मोठ्यांच्या हातात असावी म्हणूनच ते लॉक दिलेलं आहे. स्विच मिळायला वेळ लागणार असेल तर तोपर्यंत बॅटरीची वायर काढून ठेवा, मूल कितीही रडलं तरी.

चाव्या मिळाल्या की एक कपाटात वर ठेवा आणि दुसरीला मोठं कीचेन लावा, एवढीशी चावी लहान मुलं सरळ तोंडात घालतात. स्विचवर किंवा चावीवर नंबर कोरलेला असेल तर त्याचाही फोटो ठेवा, पुढच्या वेळी त्याच नंबरची चावी मागता येते.