बोर्डावरची चिप न काढता प्रोग्राम कसा बर्न करायचा

सोसायटीच्या टाकीचा पंप कंट्रोलर असो नाहीतर आपण स्वतः बनवलेलं काही, आत ॲटमेगा ३२८पी ही मायक्रोकंट्रोलर चिप असेल तर प्रोग्राम बदलायला चिप उपटायची काही गरज नसते. सहा वायरी पुरतात: मोझी (चिपकडे जाणारा डेटा), मिसो (चिपकडून येणारा डेटा), एससीके (क्लॉक), रिसेट, व्हीसीसी (पॉवर) आणि ग्राउंड. मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात यूएसबीएएसपी हा प्रोग्रामर मागितला की मिळतो, पण सोबतची रिबन दहा पिनांची असते आणि बोर्डावर हेडर बहुतेक सहा पिनांचा, म्हणून ॲडाप्टर पण तेव्हाच घेऊन टाका, त्यासाठी परत ग्रँट रोडला कोण जाणार.

सगळ्यात आधी पॉवर बघा. बोर्डावर ट्रान्सफॉर्मर नाही, एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) पण नाही, नुसता एक मोठा चौकोनी कॅपॅसिटर आणि झेनर दिसतोय, तर त्या बोर्डाचं ग्राउंड थेट मेन्सला जोडलेलं असतं. प्लग लावलेला असताना प्रोग्रामर जोडलात तर लॅपटॉप जाईल आणि तुम्हालाही शॉक बसेल. म्हणून प्लग काढा, कॅपॅसिटर डिस्चार्ज होऊ द्या आणि बोर्ड फक्त प्रोग्रामरच्या ५ व्होल्टवर चालवा. बोर्डावर ३.३ व्होल्टचे सेन्सर असतील तर प्रोग्रामरवरचा व्होल्टेज जंपर बदलून निश्चिंत होऊ नका, स्वस्त क्लोनमध्ये कित्येकदा जंपरने फक्त व्हीसीसी बदलतो, सिग्नल ५ व्होल्टचेच राहतात, एकदा मल्टिमीटर लावून बघा.

आता हेडर. सहा पिनवाल्यात १ मिसो, २ व्हीसीसी, ३ एससीके, ४ मोझी, ५ रिसेट, ६ ग्राउंड. हेडरच नसेल तर डीआयपी (दोन बाजूंना लांब पाय असलेल्या) चिपवर रिसेट १ नंबरला, मोझी १७, मिसो १८, एससीके १९, तिथून बारीक वायर काढायची. समुद्राच्या हवेने पिनांवर हिरवट थर चढलेला असतो नाहीतर वरून लॅकर मारलेलं असतं, ते आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि ब्रशने साफ करा आणि मग कंटिन्युइटी बघा.

एव्हीआरड्यूडला (प्रोग्राम चिपमध्ये टाकणारं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर) आधी फक्त सिग्नेचर, म्हणजे चिपचा ओळख क्रमांक, वाचायला सांगा, लिहायला नाही. १ई ९५ ०एफ आलं की झालं. काहीच येत नाही किंवा नुसती शून्यं येतात तर लोक लगेच चिप गेली म्हणतात, पण बहुतेक वेळा चिप ठणठणीत असते. नवी चिप कारखान्यातून १ मेगाहर्ट्झवर चालत येते आणि एससीके त्याच्या चौथ्या हिश्शाहून कमी लागतो, म्हणजे २५० किलोहर्ट्झच्या खाली, त्यामुळे कमांडमध्ये डॅश कॅपिटल बी पुढे १० टाकून स्पीड उतरवा. तरी जमलं नाही तर मोझी, मिसो, एससीके आणि रिसेट या लाइनींवर अजून काय लटकलंय ते शोधा. रिसेटवर १० के पुलअप (व्हीसीसीला जोडलेला रेझिस्टर) चालतो, पण तिथून ग्राउंडला मोठा कॅपॅसिटर असेल तर रिसेट वेळेवर खाली-वर जात नाही. एसडी कार्ड किंवा एसपीआयवाली, म्हणजे याच मोझी-मिसो-एससीकेवर बोलणारी, दुसरी चिप असेल तर गंमत वेगळीच असते. आपली चिप रिसेटमध्ये असते तेव्हा तिच्या सगळ्या पिना हवेत असतात, दुसरीची सिलेक्ट लाइन पण हवेत, मग तीही मिसोवर बोलायला लागते आणि दोघींचा गोंधळ होतो. त्या सिलेक्टला १० के पुलअप लावा, बास.

सिग्नेचर आली की जुनं फ्लॅश (प्रोग्रामची मेमरी) आणि ईईप्रॉम (सेटिंगची मेमरी) वाचून सेव्ह करा. लॉक बिट (वाचन बंद करणारं कुलूप) लागलेले असतील तर वाचलेल्या फाइलमध्ये काही अर्थाचं नसतं, आणि चिप इरेज केल्यावर लॉक उघडेल खरा पण जुना प्रोग्राम गेला तो गेलाच, म्हणून नव्या प्रोग्रामची हेक्स फाइल हातात नसेल तर तिथेच थांबा. असेल तर फ्लॅशला लिहा, व्हेरिफाय तो आपोआप करतो. आणि फ्लॅश १०,००० वेळा लिहिता येतं, तेव्हा टेस्टिंगला हात आखडू नका.

फ्यूजना, म्हणजे चिपच्या आतल्या सेटिंगच्या बिटना, मात्र उगाच हात लावू नका. रिसेट डिसेबल केलात तर आयएसपी (अशी बोर्डावरच प्रोग्राम करायची पद्धत) बंदच, मग १२ व्होल्टवाला हाय व्होल्टेज प्रोग्रामर लागतो. क्लॉक चुकून बाहेरचा निवडला गेला, क्रिस्टल बोर्डावर नाही आणि चिप गप्प झाली, तर दुसऱ्या आर्डुइनोच्या पिनवरून १ मेगाहर्ट्झचा चौकोनी सिग्नल चिपच्या एक्सटाल १ या क्लॉकच्या पिनला द्या, दोन्हीचं ग्राउंड एक करा, स्लो स्पीडवर सिग्नेचर यायला लागेल आणि मग फ्यूज परत इंटर्नलला आणता येतो.