प्रकट वाचनाच्या सरावासाठी व्हॉट्सअ‍ॅप
वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप गट बहुधा सूचना आणि सुप्रभातच्या चित्रांनीच भरलेला असतो. प्रकट वाचनाच्या सरावासाठी त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरावी. एका यादीत 256 संपर्क बसतात, उतारा सर्वांना एकाच वेळी जातो आणि प्रत्येकाचे उत्तर मात्र केवळ शिक्षकांकडे येते, त्यामुळे अडखळत वाचणारे मूलही चारचौघांत हसे होण्याच्या भीतीविना ध्वनिसंदेश पाठवते. पालकांनी शिक्षकांचा क्रमांक जतन केलेला नसेल, तर संदेश पोहोचतच नाही. ही खात्री पालकसभेतच करून घ्यावी. या अ‍ॅपसाठी किमान वय 13 वर्षे असल्याने लहान वर्गांत पालकांचाच फोन वापरणे योग्य.

उतारा पाच-सहा ओळींचाच द्यावा, अन्यथा चाळीस मुलांचे वाचन ऐकताना शिक्षकांचीच दमछाक होते. दुप्पट वेगाने ऐकण्याची सोय आहे खरी, परंतु ‘बाळ’चे ‘बाल’ झाले की नाही, हे त्या वेगात नीट कळत नाही. अभिप्रायही बोलूनच द्यावा: चुकलेला शब्द स्वतः सावकाश उच्चारून दाखवावा आणि तेवढेच वाक्य पुन्हा मागवावे.