‘सर, ते घर रिकामं हाय’ : भीमाशंकरच्या रानात निसर्गशिक्षणाचं काम

भीमाशंकरच्या पट्ट्यातल्या एका आश्रमशाळेत माझा पहिला कार्यक्रम झाला. पुण्याहून निघताना सॅकमध्ये लॅमिनेट केलेले पक्ष्यांचे तक्ते होते, दोन दुर्बिणी होत्या आणि डोक्यात पाठ केलेली शास्त्रीय नावं. शाळेमागच्या रानात एका उंच झाडावर काटक्या-पाल्याचा मोठा गोळा दिसला. मी मुलांना थांबवलं आणि शेकरूवर बोलायला लागलो. महाराष्ट्राचा राज्यप्राणी, रतुफा इंडिका, 1985 साली हे अभयारण्य जाहीर झालं, वगैरे. पाच मिनिटं झाली असतील. सातवीतला एक मुलगा हळूच म्हणाला, “सर, ते घर रिकामं हाय. शेकरा आता पल्याडच्या उंबरावं ऱ्हातो.”

कशावरून, असं विचारलं तर म्हणाला, “नवा पाला लावल्याला न्हाई.”

एक शेकरू बरीच घरटी बांधतं हे मी वाचलं होतं. त्यातलं वापरातलं कोणतं, हे कधी बघितलं नव्हतं. तक्ते त्या दिवशी पुन्हा सॅकबाहेर काढले नाहीत.

या कामात येऊ बघणारी मुलंमुली फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कोर्स कुठला करू? करा की. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक्रम आहेत, पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षणाची संस्था आहे. पक्षी, फुलपाखरं, झाडं ओळखायची शिस्त तिथे लागते, आणि ती लागतेच. पण माझं मत विचाराल तर त्याआधी एक अख्खा पावसाळा एखाद्या वाडीत काढा. तिथे तुम्हाला शिकवायला कुणी बोलावलेलं नसावं. भाताची रोपं उपटताना कंबर धरली की जुलैत आवणीच्या दिवसांत शाळेचे बाक रिकामे का पडतात, ते कळतं. मी पहिल्या वर्षी नेमकं तेव्हाच पाच दिवसांचं शिबिर ठेवलं होतं. सहा मुलं आली. त्यातली दोन दुपारी पळाली.

शहरातली मुलं आणि इथली मुलं, दोघांना एकच कार्यक्रम चालत नाही. हे समजायला मला फार वेळ लागला. शहरातल्या मुलाचा पहिला तास भीती घालवण्यात जातो. चिखल, कोळी, ओले बूट, घरून येणारे फोन. त्याला वीस मिनिटं एका दगडावर गप्प बसवलं तरी मी त्या दिवसाचं काम झालं असं धरतो. इथल्या महादेव कोळ्यांच्या पोराला रान दाखवायला नेणं म्हणजे त्याच्याच घरात त्याला फिरवून आणणं. त्याला दुसरंच काही हवं असतं : वही, मोजपट्टी, नकाशा, दुर्बीण, आणि आपल्याला ठाऊक आहे ते ‘अभ्यासात’ मोजलं जातं हा विश्वास.

म्हणून आम्ही हिरड्यापासून सुरुवात केली. इथल्या घरांत रोख पैसा येतो तो बऱ्याच अंशी बाळहिरड्यातून. कोवळी फळं गोळा करायची, वाळवायची, व्यापाऱ्याला घालायची. प्रत्येक मुलाने घराजवळचं एक झाड निवडलं आणि पालवी कधी, मोहोर कधी, फळ कधी गळालं ते तारखेनिशी लिहायचं ठरलं. पहिल्या वर्षी निम्म्या वह्या भिजल्या, काही शेळ्यांनी खाल्ल्या. पण उरलेल्या वह्या घेऊन मुलं घरी विचारायला लागली, “आजी, तुझ्या वेळंला मोहोर कवा यायचा?” माझ्या कुठल्याही व्याख्यानाने एवढं झालं नसतं.

रानभाज्यांचंही तसंच. पावसाच्या तोंडावर शेवळं उगवतात. नीट न शिजवता खाल्ली तर घसा खाजून जीव नकोसा होतो. म्हणून त्यात काकडाची आंबट फळं किंवा चिंच घालतात. हे सांगायला मी पुढे होत नाही, वाडीतल्या आजी सांगतात. आणि त्यांना मानधन माझ्याएवढंच. सुरुवातीला मी त्यांना साडी आणि नारळ देऊन ‘सत्कार’ केला होता. आठवलं की अजून लाज वाटते.

एक प्रसंग सांगावा की नाही, कळत नाही. वर्गात मातीचा ढीग करून त्यावर झारीने पाणी ओतत मी दरड कशी कोसळते ते दाखवत होतो. प्रयोग नेहमीचा, शहरात मुलं टाळ्या वाजवतात. इथे वर्ग गार पडला आणि एक मुलगी उठून बाहेर गेली. माळीण याच तालुक्यातलं. 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगर आला आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. हे मला माहीत होतं, तरी प्रयोग करताना ते डोक्यात नव्हतं. आता तो विषय शिक्षकांशी आधी बोलल्याशिवाय काढत नाही.

सुरक्षिततेबद्दल लांबलचक नियमावल्या मिळतात. राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण 2021 मध्ये आलं, ते वाचून ठेवा. अभयारण्यात मुलं न्यायची तर वनखात्याची परवानगी आधी, बस नंतर. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण टाळू नका. आग्यामाश्यांचं पोळं असलेल्या कड्याखाली अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको. पण माझी खरी चूक यातल्या कशात बसत नाही. सप्टेंबरात अठरा मुलं घेऊन घोट्याएवढ्या पाण्याचा ओढा ओलांडला. सोबतचे गावातले काका म्हणाले, “वर काळं झालंय, नको.” आमच्या डोक्यावर ऊन होतं. तासाभराने परत आलो तर ओढा कमरेच्या वर, गढूळ, लाकडं वाहतायत. पलीकडे बस, अलीकडे आम्ही. साडेतीन तास बसून राहिलो. काका एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून ‘नको’ म्हणायचा अधिकार त्यांचा, आणि त्यावर चर्चा नाही.

पैशाचं विचारणार असाल तर : पहिली दोन वर्षं मी आठवड्यातले तीन दिवस शिकवण्या घेत होतो. आजही शनिवार-रविवारच्या शहरी शिबिरांवर गावातल्या शाळांचं काम चालतं. त्यात काजव्यांचा हंगाम मोठा मोह. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला लोक म्हणाल तेवढे पैसे देतात. पण काजव्यांची लुकलुक म्हणजे नर-मादीची एकमेकांना हाक. गाड्यांच्या दिव्यांत आणि मोबाइलच्या झोतात ती हरवते. मी पंधराच्या वर माणसं घेत नाही आणि विजेरीला लाल जिलेटिन लावतो. ओळखीच्या एकाने दोन बस भरून आणा म्हणून गळ घातली होती. नाही म्हटल्यावर वर्षभर बोलला नाही.

पावसात येणार असाल तर प्लॅस्टिकचा रेनकोट आणू नका. त्याच्या चुरचुरीत काहीच ऐकू येत नाही. साधी काळी छत्री आणा. आणि रात्री थांबलात तर दिवे विझवून दहा मिनिटं कुजक्या लाकडांकडे बघत बसा. ओल धरली असेल तर बुरशी उजळते, फिकट हिरवी. मुलांना आधी सांगू नका.